जिप्सीच्या पाट्यांचे बुश: मूळ रबर घालावेत की पीयू?

कुंभार्ली_घाट

नमस्कार मंडळी,

गाडी जिप्सी किंग, २००४ ची, एमपीएफआय. चारही पाटे (पानांच्या स्प्रिंग) आणि शॅकल (पाट्याचं एक टोक चॅसीला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्या) मूळच्याच. शॅकलमधले रबर बुश (पिनेभोवतीचे गोल तुकडे) कडेने फुगून बाहेर आलेत. मागच्या डाव्या शॅकलची पट्टी पाट्याच्या डोळ्याला (टोकाच्या गोल वळशाला) घासून चकाकते आहे, आणि खड्ड्यात हळू उतरलं तरी तिथून खट् असा लोखंडी आवाज येतो. पुढे, गाडी उभी असताना कोणी स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवलं की चाकं वळायच्या आधी अख्खा ॲक्सल आडवा सरकताना दिसतो. ताशी ६० च्या आसपास स्टिअरिंग थरथरतं.

वापर बहुतेक डांबरी रस्ता आणि घाट. पावसाळ्यात लाल मातीचे रस्ते, अधूनमधून ओढा.

विचारायचं आहे ते असं. सगळीकडे पीयू (पॉलियुरेथेन) घालावं का? घातलं तर किती कडक? हायड्रॉलिक प्रेस नसताना हे काम अंगणात होईल का? आणि स्टिअरिंगचं थरथरणं बुश बदलून जाईल का?

---

पाटा_कमान

पुढचं सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे, म्हणून ती आधी सांगतो. रबर बुश पिळतो आणि पीयू बुश फिरतो.

रबर आतल्या पिनला आणि बाहेरच्या डोळ्याला धरून बसतो. पाटा वर-खाली झाला की तो स्वतःच्या अंगात पीळ घेतो आणि परत येतो. तो कुठेच घसरत नाही, म्हणून त्याला ग्रीसही लागत नाही. पॉलियुरेथेन इतका पीळ घेऊ शकत नाही. ते पिनवर किंवा स्टीलच्या स्लीव्हवर घसरत फिरतं, म्हणून त्याला ग्रीस हवं, गुळगुळीत पृष्ठभाग हवा आणि नेमकं माप हवं. रबराला ग्रीस फासून बसवलं की त्याची पकड सुटते, तो घसरायला लागतो आणि फाटतो. पीयू कोरडं बसवलं की महिन्याभरात करकरतं. 'पीयू वाईट' किंवा 'रबर टिकत नाही' अशा बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हीच अदलाबदल असते.

तुमच्या वापरासाठी माझं मत: शॅकलला पीयू, पाट्याच्या पक्क्या टोकाला (जे शॅकलशिवाय थेट चॅसीला बोल्टने जोडलेलं असतं) रबर. जिप्सीत पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असते, मागच्या पाट्याची मागच्या टोकाला. पक्कं टोक दोन्हीकडे गाडीच्या मध्याकडे येतं. एक चाक वर चढलं आणि दुसरं खाली लटकलं की पाटा लांबीत पिळतो आणि पक्क्या टोकाचा डोळा बोल्टवर तिरका व्हायला बघतो. रबर हा तिरकेपणा सामावून घेतो. ९० शोअर ए (कडकपणाचं माप) चं पीयू घेत नाही, त्याची कड चेपते, फुटते, आणि तो ताण पाट्याच्या मुख्य पानाच्या डोळ्यावर जातो. रस्त्याचा बारीक खरखराटही याच टोकातून चॅसीत येतो, त्यामुळे इथे रबर असलं की गाडी शांत राहते.

शॅकलला मात्र आडवा हलणारा ॲक्सल आवरायचा असतो. तुमचा ॲक्सल सरकतो तो तिथेच. ८० शोअर ए च्या आसपासचं पीयू तिथे चांगलं चालतं. तुलनेसाठी, गाड्यांमधले रबर बुश साधारण ५० ते ७० शोअर ए असतात आणि बाजारातले पीयू ७० ते ९५. रंगावरून कडकपणा ओळखू नका. प्रत्येक बनवणाऱ्याचा रंग वेगळा. आकडा विचारा, आकडा न सांगणाऱ्याकडून घेऊ नका.

मोजणी: प्रत्येक शॅकलला वर चॅसीत २ आणि खाली पाट्याच्या डोळ्यात २ असे अर्धे बुश. चार शॅकलचे मिळून १६. पक्क्या टोकांचे ४, आणि संच दोन तुकड्यांचा असेल तर ८. शॅकलच्या पिना आणि पट्ट्या बघून ठरवा. पिनेवर नखाला लागेल इतकी खाच पडली असेल तर तीही बदला, कारण खाच पडलेल्या पिनेवर नवीन पीयू कानशीसारखं घासलं जातं. यू बोल्ट (पाटा ॲक्सलला आवळून धरणारे) काढणार असाल तर तेही नवीन घ्या. ताणलेल्या यू बोल्टचे आटे पुन्हा तोच ताण धरत नाहीत.

---

पाटा_कमान

आता काम. अंगणात होतं, प्रेस लागत नाही. फक्त शॅकलचे बुश बदलायचे असतील तर पाटा ॲक्सलवरून सोडवायचीही गरज नाही.

आदल्या दिवशी सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा एकदा. जमीन पक्की हवी. ज्या बाजूचं काम नाही तिकडच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. जिप्सीचा हँडब्रेक ट्रान्सफर केसमागे प्रोपेलर शाफ्टवर काम करतो, त्यामुळे मागचं एक चाक उचललं की डिफरेन्शियलमुळे त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. गाडी चॅसीखाली दोन घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या आणि ट्रॉली जॅक ॲक्सलखाली ठेवा. वजन घोड्यांवर, जॅक फक्त ॲक्सल वर-खाली करायला. एका वेळी एकच कोपरा करा. चारही शॅकल एकदम सोडल्या तर ॲक्सल कुठल्याही दिशेला निसटतो.

पाट्यात ताण असताना शॅकल सोडू नका. जॅक हळूहळू वर-खाली करून शॅकलची पिन हाताने किंचित हलेल अशी जागा शोधा, तिथे पाटा मोकळा असतो. मग नट काढा, बाहेरची सुटी पट्टी काढा, आणि पिनांवर लाकडाचा तुकडा धरून आतली पट्टी ठोकून बाहेर काढा. नुसत्या हातोडीने ठोकलं तर आटे चेपतात. पिन गंजून अडकली असेल तर पट्टी आणि डोळा यांच्या फटीतून हॅकसॉचं पातं घालून कापा, नवीन शॅकल लावायचीच आहे असं धरून.

चॅसीतली नळी आणि पाट्याचा डोळा आतून तारेच्या ब्रशने चकचकीत करा. गंजाचे पापुद्रे राहिले तर पीयू आत तिरकं बसतं आणि बुशच्या कडेचा पट्टा (बाहेर राहणारी रुंद कड) एका बाजूने चेपतो. जाड, पाण्याने न धुपणारं सिलिकॉन ग्रीस बुशच्या आतून, पिनेवर आणि बुशच्या पट्ट्याच्या बाहेरच्या, शॅकलच्या पट्टीला टेकणाऱ्या तोंडावर लावा. बाहेरचा गोल भाग डोळ्यात फिरणार नाही, तिथे पातळ हात पुरे. करकर बहुतेक वेळा त्या तोंडावरून येते आणि नेमकं तिथेच लोक ग्रीस लावायचं विसरतात.

पुन्हा जोडताना पाट्याचा डोळा शॅकलच्या रेषेत येत नाही, पुढे-मागे बोटभर फरक पडतो. पहारीने ओढत बसू नका. ॲक्सलला सामान बांधायचा रॅचेटचा पट्टा लावा, दुसरं टोक चॅसीला, आणि दातादाताने ओढा. उंची जॅकने जमवा. पिन हाताने आत गेली पाहिजे.

नट आधी फक्त टेकवा. चारही चाकं जमिनीवर आली, गाडी दोन-तीनदा दाबून सोडली की मग शेवटचा ताण द्या. सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे शॅकलचे नट ३० ते ५५ न्यूटन मीटर, पक्क्या टोकाचा नट ४५ ते ७०, यू बोल्ट ६० ते ८०. यू बोल्ट कोपऱ्या-कोपऱ्याने, थोडे थोडे. सेंटर बोल्टचं (पाट्याची पानं मधोमध एकत्र धरणाऱ्या) डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसलंय ना, हे बोट घालून तपासल्याशिवाय ते आवळू नका. ५०० किलोमीटरनंतर सगळं पुन्हा तपासा.

गाडी हवेत असताना रबराचा बोल्ट पूर्ण आवळला तर रबर लटकत्या स्थितीत पकडला जातो. गाडी खाली आली की तो कायमचा पिळलेला राहतो आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळतो. नवीन रबर काही महिन्यांत फाटण्याचं हे सगळ्यात सामान्य कारण आहे. पीयूला तो धोका नाही, पण तुमच्या पक्क्या टोकाला रबर असेल, म्हणून सवय एकच ठेवा.

---

व्हर्निअर

पाटा_कमान यांनी पक्क्या टोकाच्या डोळ्यातून जुना बुश काढण्यावर लिहिलेलं नाही. खरं झुंजायचं काम तेच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

त्यासाठी पाटा खाली काढावा लागतो. जुन्या बुशला बाहेरून पत्र्याची नळी असेल तर ती डोळ्यात गंजून एकजीव झालेली असते. आधी ड्रिलने रबरात चारी बाजूंनी भोकं पाडून आतली स्लीव्ह आणि रबर बाहेर ओढा. मग हॅकसॉचं पातं डोळ्यातून घालून नळीला आतून लांबीत एक चीर द्या, नळी कापली जाईल इतकीच. अरुंद छन्नीने चिरेची एक कड आत वळवली की नळी आकसते आणि निघते. पातं पाट्याच्या डोळ्याला लागू देऊ नका. स्प्रिंग स्टीलवर आडवी-उभी कुठलीही खाच म्हणजे तडा सुरू व्हायची जागा, आणि डोळ्यात तुटलेलं मुख्य पान म्हणजे धावत्या गाडीत सुटलेला ॲक्सल. खाच पडलीच तर बारीक पॉलिश पेपरने पूर्ण गुळगुळीत होईपर्यंत घासा. खोल असेल तर पान बदला.

बरीच गॅरेजं इथे गॅसची ज्योत लावून रबर जाळतात. तसं करू देऊ नका. पाट्याला पाणी दिलेलं (तापवून कडक केलेलं) असतं, डोळा लाल झाला की ते उतरतं आणि डोळा हळूहळू उघडत जातो. जळत्या रबराचा धूर वाईट, आणि पीयू जळताना त्याहून विषारी वायू निघतात.

नवीन बुश आत ओढायला ८.८ ग्रेडचा एम १२ चा आटेदार रॉड, दोन नट, जाड वॉशर, एका बाजूला बुशच्या बाहेरच्या नळीएवढी मोठी गोटी (सॉकेट) आणि दुसऱ्या बाजूला डोळ्याहून मोठ्या तोंडाचा पाइपचा तुकडा. दाब नेहमी बाहेरच्या नळीवर द्यायचा. आतल्या स्लीव्हवर दाब दिला तर बसवतानाच रबर फाटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. पहिले ५ मिलीमीटर सरळ गेले की पुढे त्रास होत नाही. रबराला साबणाचं पाणी चालतं. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस नको, नैसर्गिक रबर त्याने फुगतो.

आणि विकत घ्यायच्या आधी मोजा. डोळ्याचा आतला व्यास, रुंदी, बोल्टचा व्यास. काही पीयू संच जुनी बाहेरची नळी डोळ्यात तशीच ठेवून बसवायचे असतात, काही ती काढून. चुकीचा संच आणला की एकतर बुश आत जात नाही किंवा खुळखुळतो. स्लीव्हची लांबी बुशच्या एकूण लांबीपेक्षा किंचित जास्त हवी, अर्धा मिलीमीटर पुरतो. मग बोल्ट आवळला की ताण स्लीव्हवर येतो आणि पीयू मोकळं फिरतं. स्लीव्ह आखूड असेल तर पट्ट्या पीयूलाच दाबून धरतात आणि पाटा जाम होतो. गाडी लाकडी वाटते, लोक कडकपणाला दोष देतात, आणि चूक स्लीव्हच्या मापाची असते. ज्या संचात शॅकलला स्लीव्ह नसते, बुश थेट पिनेवर बसतो, तिथे पिनेची पायरी हेच काम करते. सुट्या पट्टीचं भोक घासून मोठं झालं असेल तर पट्टी त्या पायरीवर टेकत नाही, पुढे सरकते, आणि तोच प्रकार होतो.

---

सह्यकडा

वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त पक्क्या टोकाला रबरच हवा हे सरसकट मानू नका. गाडी कायम भरलेली असेल, मागे कॅरिअर आणि पाण्याचे कॅन असतील आणि वापर नव्वद टक्के डांबरावर असेल तर पक्क्या टोकालाही ७५ ते ८० चं पीयू घालून मागचा ॲक्सल घाटाच्या वळणात जागेवर राहतो. रबर झिजला की एका बाजूचा पाटा थोडा मागे सरकतो, ॲक्सल तिरका होतो आणि गाडी स्वतःहून वळल्यासारखी वाटते. प्रश्नकर्ते ओढ्यात जातात, लाल मातीत जातात, म्हणून त्यांच्यासाठी रबर बरोबर.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पीयू घेणाऱ्यांनी आणखी एक विचारावं: ते पॉलिएस्टर प्रकारचं आहे की पॉलिइथर? दोन्हींना बाजारात पीयूच म्हणतात. पॉलिएस्टर पीयू ओल आणि उष्णता एकत्र मिळाली की आतून विघटित होतं, दोन-तीन पावसाळ्यांत चिकट होऊन भुगा पडतो. पॉलिइथर पाण्यात बरंच जास्त टिकतं. पुडक्यात वर्षभर पडून राहिलेला स्वस्त बुश नखाने दाबून बघा. खाच तशीच राहिली किंवा बोटाला चिकटपणा लागला तर परत करा.

आणि जांभ्याची माती. ती ग्रीसमध्ये मिसळली की पिन घासते. ओढ्यातून किंवा चिखलातून आल्यावर शॅकलवर साध्या पाण्याचा पाइप सोडा. प्रेशर वॉशरचं तोंड बुशच्या फटीत लावू नका, ग्रीस धुऊन जातं आणि माती आत ढकलली जाते.

---

कुंभार्ली_घाट

सगळ्यांचे मनापासून आभार. शॅकलला ८० चं पीयू, पक्क्या टोकाला मूळ रबर असं ठरवतो. दोन शंका उरल्या. एमआयडीसीत पीयू रॉडपासून लेथवर बुश करून मिळतात, ते चालतील का? आणि स्टिअरिंगच्या थरथरण्याबद्दल कोणी बोललं नाही. शॅकलच लांब घेतली तर गाडी थोडी उंचही होईल, तेही एकाच वेळी करू का?

---

व्हर्निअर

लेथवरचे बुश चालतात, पण तीन गोष्टी स्वतः बघा. कारखान्यात सहज मिळणारा पीयू रॉड बहुतेक ९० शोअर ए चा असतो, कारण तो रोलर आणि पॅकिंगसाठी बनतो. ८० चा मागून घ्या. दुसरं, पीयू कापताना तापतं आणि टूलच्या दाबाने दबतं, थंड झाल्यावर भोक मोजलेल्यापेक्षा लहान निघतं. भोकाचं माप काम थंड झाल्यावरच घ्या आणि कारागिराला धारदार टूल, हलका कट सांगा. तिसरं, कडेच्या पट्ट्याच्या मुळाशी काटकोन ठेवायला देऊ नका, छोटी गोलाई हवी. पट्टा फाटतो तो तिथूनच.

ग्रीससाठी पिनेला मधून भोक पाडून निपल लावायची टूम आहे. शॅकलच्या पिनेत तसं करू नका. पीन पोकळ झाली की नेमकी भाराच्या जागी कमजोर होते. त्यापेक्षा बुशच्या आतल्या बाजूला ग्रीस साठवणाऱ्या उथळ खाचा करून घ्या.

---

किंगपिन_शिम

थरथरण्याबद्दल. ढिले शॅकल बुश ते वाढवतात, पण एकट्याने सहसा सुरू करत नाहीत. ताशी ६० ला येणारं थरथरणं आधी चाकातून तपासा: बॅलन्सिंग, वाकलेली रिम, टायरमधला उंचवटा. मग पुढचं एक चाक उचला आणि वर-खाली धरून हलवा. ढिलाई लागली तर कोणालातरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर हब बेअरिंग, राहिली तर किंग पिनची (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं ती पिन) बेअरिंग. जिप्सीत किंग पिनला वर-खाली टेपर रोलर बेअरिंग असतात आणि त्यांचा ताण शिमने (पातळ चकत्यांनी) ठरतो. बेअरिंग झिजली की ताण जातो आणि चाक स्वतःच्या मनाने फडफडायला लागतं. शिम कमी करून वेळ निभते, पण रोलरच्या वाटीवर चरे पडले असतील तर शिमने काही होत नाही, बेअरिंगच घाला. त्यानंतर टाय रॉड (दोन्ही पुढची चाकं जोडणारा दांडा) आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) यांचे बॉल जॉइंट, आणि सगळ्यात शेवटी स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा). डॅम्पर बदलून थरथर थांबली तर ती गेलेली नसते, दबलेली असते. तपासणीचा क्रम म्हणूनच असा.

लांब शॅकल पुढे लावू नका. पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असल्यामुळे ती लांब केली की ॲक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर (किंग पिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. स्टिअरिंग वळणानंतर परत यायला कुरकुरतं, सरळ रस्त्यावर गाडी भटकते, आणि आत्ता ६० ला येणारं थरथरणं ५० लाच येईल. लांब शॅकलवर आडवा जोरही जास्त पडतो, म्हणजे ज्या बुशसाठी एवढा खटाटोप करताय तेच लवकर जातील. उंची हवीच असेल तर पाट्यांना कमान देऊन घ्या किंवा नवीन पाटे घाला. ते वेगळं काम आहे, बुशच्या कामात मिसळू नका.

पाटे सपाट झालेत का हे मात्र आत्ताच बघा. गाडी रिकामी, सपाट जागी उभी असताना शॅकल जवळजवळ आडवी झाली असेल किंवा चॅसीकडे उलटी झुकली असेल तर नवीन बुशवर पहिल्या दिवसापासून चुकीचा ताण येणार. तसं असेल तर आधी पाटे, मग बुश.

काम झाल्यावर टो (पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) तपासून घ्या. पुढे सलग ॲक्सल आहे, त्यामुळे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर अलाइनमेंटच्या मशीनवर फिरवता येत नाहीत, टो फक्त टाय रॉडने. स्टिअरिंग चाक मधोमध नसेल तर ते ड्रॅग लिंकने आणा, टाय रॉडला हात न लावता. मागच्या ॲक्सलसाठी मशीन लागत नाही. दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या हबच्या मध्यांतलं अंतर टेपने मोजा. डाव्या-उजव्यात ५ मिलीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर एखाद्या सेंटर बोल्टचं डोकं बैठकीत बसलेलं नाही किंवा पक्क्या टोकाचा बुश तिरका गेलाय. यू बोल्ट सोडून तिथून पुन्हा सुरुवात करा.